औषध शाळेत आहे, पण देणार कोण?

बुधवारची सकाळ. जिल्हा रुग्णालयात दिव्यांग मंडळाच्या खोलीबाहेर नऊपासूनच रांग लागलेली. कुणी कुबड्या टेकत आलेले, कुणी वडिलांना व्हीलचेअरवर ढकलत आणलेले. या रांगेत दहा वर्षांचा एक मुलगा आईचा पदर धरून उभा आहे. हातपाय धडधाकट, डोळे चलाख. शेजारची बाई विचारते, "याला काय झालंय?" आई हळूच सांगते, "वाचता येत नाही."

मुलगा पाचवीत आहे. दुकानातून सामान आणतो, उरलेले पैसे बिनचूक परत देतो. रस्त्यावरून कुणाचा ट्रॅक्टर गेला हे आवाजावरून सांगतो. पण पुस्तकातले 'धरण' तो 'घरण' वाचतो, 'भात'चा 'मात' करतो आणि जोडाक्षर आले की ओठ मिटून घेतो. चार वर्षे तो 'आळशी' आणि 'लक्ष नसलेला' म्हणून ओळखला गेला. नव्याने बदलून आलेल्या शिक्षिकेला वेगळी शंका आली आणि तिने त्याला तपासणीला पाठवले. डोळे झाले, कान झाले, बुद्ध्यंक झाला, लेखन-वाचनाची चाचणी झाली. पाच फेऱ्या आणि प्रत्येक फेरीला आईची एक दिवसाची मजुरी. त्या दिवशी अखेर कागद हातात पडला: विशिष्ट अध्ययन अक्षमता.

आईने कागदाची घडी घातली आणि विचारले, "साहेब, मग आता गोळ्या कुठल्या द्यायच्या?"

"ताई, याला गोळी नाही. याला वेगळ्या पद्धतीनं आणि रोज शिकवायला पाहिजे. तेच याचं औषध."

"बरं. मग ते कुठं मिळतं? इथं का शाळेत?"

डॉक्टरांनी केसपेपरवर 'उपचारात्मक अध्यापन आवश्यक' असे लिहिले. सल्ला शास्त्रशुद्ध होता. पण ती चिठ्ठी वाचून औषध देणारा माणूस त्या तालुक्यात नव्हता.

शिकवणे हाच उपचार

थोड्याफार फरकाने हा प्रसंग राज्यातल्या कुठल्याही सरकारी रुग्णालयात घडतो. अध्ययन अक्षमता, स्वमग्नता, बौद्धिक अक्षमता, मेंदूचा पक्षाघात म्हणजे सेरेब्रल पाल्सी, जन्मजात बहिरेपणा, वाचादोष या साऱ्यांची कारणे वेगवेगळी आहेत. निदान डॉक्टर आणि मानसशास्त्रज्ञ करतात. सोबत फिट्स असतील, झोप बिघडली असेल, अति चंचलता असेल तर औषधांचा उपयोगही होतो. पण मूळ अडचणीवरचा उपचार औषधांच्या दुकानात मिळत नाही. तो वाचा-उपचार, व्यवसायोपचार, फिजिओथेरपी आणि मुख्यतः विशेष शिक्षण या रूपात द्यावा लागतो. एका अर्थी शिक्षक हाच या मुलांचा मुख्य डॉक्टर असतो.

यामागे मेंदूचे विज्ञान आहे. बोलणे मूल ऐकत ऐकत शिकते. वाचन मात्र मेंदूला जन्मतः येत नाही. त्यासाठी अक्षराचा आकार ओळखणारे भाग आणि भाषेचा आवाज ओळखणारे भाग यांची जोडणी नव्याने करावी लागते. बहुतेक मुलांमध्ये ती पहिली-दुसरीत सहज होते. डिस्लेक्सिया असलेल्या मुलांमध्ये ती अडखळते. मराठीत ध आणि घ, भ आणि म, ब आणि व यांतला फरक, ऱ्हस्व-दीर्घ वेलांट्या, रफार आणि जोडाक्षरे ही त्यांची नेहमीची अडखळण्याची ठिकाणे. बुद्धी चांगली असूनही असे होते, म्हणूनच घरच्यांना आणि शाळेला ते खोडसाळपणा वाटते. अशा मुलांना आवाज आणि अक्षर यांची सांगड पायरीपायरीने, भरपूर सरावासह शिकवली, तर त्यांचे वाचन सुधारते. मेंदूच्या प्रतिमा घेऊन केलेल्या अभ्यासांत, अशा अध्यापनानंतर वाचनाशी निगडित भागांचे काम वाढल्याचेही दिसले आहे.

पण यात एक अट असते. औषधाप्रमाणेच शिकवण्यालाही मात्रा असते. क्षयरोगाची गोळी पंधरा दिवसांतून एकदा घेऊन भागत नाही. तसेच महिन्यातून एकदा अर्धा तास शिकवून वाचन सुधारत नाही. उपचार आठवड्यातून अनेकदा, ठरावीक पद्धतीने आणि काही महिने ते काही वर्षे चालावा लागतो. शिवाय तो वेळेत सुरू व्हावा लागतो. आयुष्याच्या पहिल्या काही वर्षांत मेंदू सर्वाधिक लवचीक असतो. बहिऱ्या बाळाच्या बाबतीत तर पहिल्या महिन्यात चाचणी, तिसऱ्या महिन्यापर्यंत निदान आणि सहाव्या महिन्यापर्यंत उपचाराची सुरुवात, असे वेळापत्रकच जगभर पाळले जाते. अध्ययन अक्षमतेचे खात्रीचे निदान तिसरीच्या सुमारास, आठ वर्षांनंतर करता येते. त्यामुळे पाचवीत सापडलेल्या मुलाची दोन वर्षे आधीच गेलेली असतात.

अशी मुले किती? देशातल्या पाच ठिकाणी दोन ते नऊ वर्षे वयाच्या मुलांची पाहणी करून २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार, साधारण दर आठ मुलांमागे एकाला मेंदूच्या वाढीशी निगडित एखादी तरी अडचण होती. यात सौम्य अडचणीही आल्या. तरीही चाळीस मुलांच्या वर्गात अशी चार-पाच मुले असणार, हे धरून चालायला हरकत नाही. ती मागच्या बाकावर बसलेली असतात किंवा शाळा सोडून गेलेली असतात.

कायदा काय देतो

कागदावर पाहिले तर भारतीय कायदा या मुलांच्या बाजूने ठाम उभा आहे. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने सहा ते चौदा वर्षांच्या प्रत्येक मुलाला मोफत शिक्षणाचा हक्क दिला. २०१२ च्या दुरुस्तीने दिव्यांग मुलांचा वंचित गटात समावेश झाला. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्याने दिव्यांगत्वाचे प्रकार सातवरून २१ वर नेले. त्यात स्वमग्नता आणि विशिष्ट अध्ययन अक्षमता यांना स्वतंत्र स्थान मिळाले. ४० टक्के किंवा त्याहून अधिक दिव्यांगत्व असलेल्या मुलाला वयाच्या १८ व्या वर्षापर्यंत जवळच्या शाळेत किंवा पालक निवडतील त्या विशेष शाळेत मोफत शिकण्याचा हक्क आहे. सरकारने चालवलेल्या, अनुदान दिलेल्या किंवा मान्यता दिलेल्या कोणत्याही शाळेला केवळ दिव्यांगत्वामुळे प्रवेश नाकारता येत नाही.

महाराष्ट्राने तर यात पुष्कळ आधी पाऊल टाकले होते. अध्ययन अक्षम विद्यार्थ्यांना दहावीच्या परीक्षेत सवलती देण्याची सुरुवात राज्यात १९९० च्या दशकातच झाली. जादा वेळ, लेखनिक, गणकयंत्र अशा सवलतींमुळे हजारो मुले शिक्षणात टिकली. पुढे २००७ मध्ये 'तारे जमीं पर' आला आणि डिस्लेक्सिया हा शब्द घराघरांत पोहोचला.

पण सवलत आणि शिक्षण या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. जादा वेळ देणे म्हणजे लंगडणाऱ्याला शर्यतीत थोडे पुढे उभे करणे. त्याच्या पायावर उपचार करायचे तर वर्षभर माणूस लागतो. सवलतीला कागद पुरतो आणि सरकारवर तिचा खर्च जवळपास पडत नाही. शिक्षणाला दरमहा पगार घेणारा प्रशिक्षित माणूस लागतो. म्हणूनच सवलतींचा मार्ग सुरळीत झाला आणि शिकवणाऱ्यांचा रखडला.

पैसा कुठून येतो, कुठे अडतो

या मुलांसाठीचा पैसा एका पिशवीत नाही. बालकाची तपासणी आरोग्य विभागाकडे. २०१३ पासून सुरू असलेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमातील फिरती पथके अंगणवाड्यांत वर्षातून दोनदा आणि शाळांत एकदा मुलांना तपासतात. संशयित मुलांना जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे पाठवले जाते. शाळेतल्या मदतीचा खर्च शालेय शिक्षण विभागाकडे, समग्र शिक्षा योजनेतून, ज्यात केंद्र आणि राज्य यांचा वाटा ६०:४० असतो. विशेष शाळा दिव्यांग कल्याण विभागाकडे. महाराष्ट्रात हा विभाग डिसेंबर २०२२ मध्ये स्वतंत्र झाला. स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता आणि बहुविकलांगता यांसाठीचा निरामय आरोग्य विमा केंद्राच्या राष्ट्रीय न्यासाकडे. मूल एकच, पण त्याची फाइल चार ठिकाणी. ही चारही टोके जोडण्याचे काम कुणाचे, याचे उत्तर प्रत्यक्षात एकच असते: आईचे.

समग्र शिक्षा योजनेत विशेष गरजा असलेल्या प्रत्येक मुलामागे वर्षाला ३,५०० रुपयांपर्यंतची तरतूद आहे. मुलींना दरमहा २०० रुपये प्रोत्साहन भत्ता वेगळा. ३,५०० रुपये पालकांच्या हातात पडत नाहीत. साहित्य, उपकरणे, प्रवास आणि मदतनीस भत्ता अशा बाबींवर ते विभागले जातात. आता हिशेब पाहा. प्राथमिक शाळेचे वर्षाला किमान २०० दिवस धरले, तर ही तरतूद दिवसाला साडेसतरा रुपये होते. शहरात खासगी थेरपीच्या एका सत्राला पाचशे रुपये पडतात असे धरले, तर वर्षभराच्या तरतुदीत सात सत्रे होतात. आठवड्याला तीन सत्रे सांगितलेल्या मुलाला ती अडीच आठवडेही पुरत नाहीत. त्याच्या पालकांना महिन्याला सहा हजार रुपये उभे करावे लागतात, तेही अनेक वर्षे. ज्या घराचे महिन्याचे उत्पन्नच पंधरा-वीस हजार आहे, तिथे थेरपी दोन-तीन महिन्यांनी थांबते. केसपेपरवर त्याची नोंद 'पालक अनियमित' अशी होते.

सरकारी पैसा वस्तूकडे सहज जातो, माणसाकडे जाताना अडखळतो, हेही ध्यानात घ्यायला हवे. जन्मतः बहिऱ्या मुलांवर सरकारी योजनांतून मोफत कॉक्लिअर इम्प्लांटची शस्त्रक्रिया होते. काही लाख रुपयांचे यंत्र कानामागे बसते आणि मूल गावी परतते. पण इम्प्लांट बसवले म्हणून मूल बोलू लागत नाही. मेंदूला आवाजाचा अर्थ शिकवण्यासाठी पुढची एक-दोन वर्षे नियमित वाचा-उपचार लागतो. तो शंभर किलोमीटरवरच्या शहरात असेल, तर आई किती वेळा एसटीने जाणार? मग लाखो रुपयांचे यंत्र कपाटात जाते. श्रवणयंत्रे, व्हीलचेअर, ब्रेल पुस्तके यांचेही असेच होते. वाटपाचा फोटो निघतो, वापर शिकवणारा मात्र पुन्हा येत नाही.

एक शिक्षक, बारा शाळा

सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२१ मध्ये रजनीश कुमार पांडे खटल्यात विशेष शिक्षकांचे प्रमाण ठरवून दिले: प्राथमिक स्तरावर दहा विशेष विद्यार्थ्यांमागे एक आणि त्यापुढच्या स्तरांवर पंधरांमागे एक. त्यानंतरही राज्यांनी पदे निर्माण केली नाहीत, म्हणून मार्च २०२५ मध्ये न्यायालयाला पुन्हा मुदत घालून आदेश द्यावे लागले. दरम्यान महाराष्ट्राने २०२४ मध्ये केंद्रस्तरावर ४,८६० विशेष शिक्षकांच्या पदांचा निर्णय घेतला. वर्षानुवर्षे कंत्राटी मानधनावर, दर वर्षी मुदतवाढीची वाट पाहत काम केलेल्या शिक्षकांच्या दृष्टीने हे मोठे पाऊल आहे.

पण मात्रेचा प्रश्न त्याने सुटत नाही. एका शिक्षण केंद्रात साधारण दहा-बारा शाळा येतात. एका विशेष शिक्षकाला बारा शाळा दिल्या, तर रोज एक शाळा धरूनही प्रत्येक शाळेची पाळी दोन आठवड्यांनी येते. त्यात बैठका, शिबिरे, ऑनलाइन माहिती भरणे आहेच. त्याच्याकडे एक स्वमग्न मूल, दोन बौद्धिक अक्षम, एक दृष्टिहीन आणि सहा अध्ययन अक्षम मुले असतील, तर प्रत्येकाची शिकण्याची रीत निराळी. ब्रेल शिकवणारा खुणांची भाषा शिकवू शकेलच असे नाही. भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी असलेल्या विशेष शिक्षकाचे प्रशिक्षण सहसा एखाद्या प्रकाराच्या दिव्यांगत्वातच असते. अशा स्थितीत त्याने थेट मुलाला शिकवण्यापेक्षा वर्गशिक्षक आणि आई यांना शिकवले, तर त्याच्या पंधरवड्याच्या भेटीचा उपयोग रोज होऊ शकतो. भेटीची मोजणी मात्र 'किती मुले पाहिली' अशी होते, 'किती शिक्षक आणि पालक तयार केले' अशी होत नाही.

शाळेची बाजू

पालकांची तक्रार शाळेवर असते आणि तिला कारणेही असतात. खासगी शाळेत 'तुमच्या मुलासाठी वेगळी शाळा बघा' असे गोड शब्दांत सांगितले जाते. कुठे 'शॅडो टीचर तुम्ही आणा, पगार तुम्ही द्या' अशी अट घातली जाते. स्नेहसंमेलन आणि सहल आली की या मुलांच्या घरी 'त्रास होईल, नको पाठवू' असा निरोप येतो.

पण शाळेच्या उंबरठ्याच्या आतही डोकावायला हवे. जिल्हा परिषदेच्या द्विशिक्षकी शाळेत एकाच गुरुजींकडे दोन-तीन इयत्ता असतात. पोषण आहाराची नोंद, शिष्यवृत्तीचे अर्ज, निवडणुकीचे काम याच हातांनी होते. डीएड-बीएड करताना विशेष गरजांविषयी एखादे प्रकरण वाचलेले, पण स्वमग्न मूल अचानक कान झाकून किंचाळू लागले तर काय करायचे, हे कुणी दाखवलेले नसते. अशा वर्गात मूल पाठवून 'समावेशन झाले' म्हणणे, म्हणजे खाटा न वाढवता रुग्ण भरती करण्यासारखे आहे. मूल वर्गात असते, पण शिकत नाही. शिक्षक दोषी ठरतो आणि बाकीच्या मुलांचे पालकही नाराज होतात. पुरेशा पैशाशिवाय लादलेले समावेशन पालक आणि शिक्षक यांना एकमेकांसमोर उभे करते. त्यांचे भांडण परस्परांशी नसते, रिकाम्या पदाशी असते.

श्रीमंत देशांतही हा ताण मिटलेला नाही. अमेरिकेने १९७५ मध्ये दिव्यांग मुलांच्या शिक्षणाचा कायदा केला. त्यात जादा खर्चासाठी संघराज्य सरकारचा वाटा प्रति विद्यार्थी सरासरी खर्चाच्या ४० टक्क्यांपर्यंत जाईल, असे ठरले होते. तो टप्पा आजवर एकदाही गाठला गेलेला नाही. तरीही त्या कायद्याची एक गोष्ट घेण्यासारखी आहे. तिथे प्रत्येक मुलाचा लेखी वैयक्तिक शैक्षणिक आराखडा बनतो आणि तो बनवणाऱ्या बैठकीत पालक हक्काने बसतात. कोणती सेवा, आठवड्याला किती मिनिटे, कोण देणार, हे कागदावर येते. मात्रा लिहिलेली असली की ती मिळाली नाही हे सिद्ध करता येते. आपल्याकडे निदानाचा कागद मिळतो, मात्रेचा मिळत नाही.

कुंपणाबाहेरची मुले

कागदावर बांधलेल्या मदतीचा आणखी एक परिणाम होतो. अवधान अस्थिरता आणि अतिचंचलता, म्हणजे एडीएचडी, ही शाळकरी वयातली मोठी अडचण. पण २१ प्रकारांच्या यादीत तिला स्वतंत्र स्थान नाही. बुद्ध्यंक सर्वसाधारणपेक्षा थोडा कमी, पण बौद्धिक अक्षमतेच्या मर्यादेपेक्षा जास्त असलेली सीमारेषेवरची मुलेही यादीबाहेर. ही मुले वर्गात मागे पडतात, मार खातात, आठवी-नववीत शाळा सोडतात. त्यांना ना प्रमाणपत्र मिळते, ना त्यामागे येणारा निधी. मंडळाच्या दारातून 'बसत नाही' असा शेरा घेऊन परतणाऱ्या आईला हे समजावणे, हे सरकारी डॉक्टरांच्या कामातले सर्वांत अवघड काम असते. मुलाला मदतीची गरज आहे आणि ती देण्याचा रकाना फॉर्ममध्ये नाही, एवढेच खरे कारण असते.

पोकळीत शिरणारे

जिथे खात्रीची सेवा मिळत नाही, तिथे आशा विकणारे येतात. स्वमग्नता 'पूर्ण बरी' करण्याच्या जाहिराती, शरीरातील विष काढण्याच्या नावाखाली दिली जाणारी रसायने, महागडे आहार आणि मूलपेशी म्हणजे स्टेम सेल उपचार यांवर पालक दागिने मोडून पैसे घालतात. स्वमग्नतेसाठी स्टेम सेल उपचारांची शिफारस करता येणार नाही, असे राष्ट्रीय आयुर्विज्ञान आयोगाने डिसेंबर २०२२ मध्ये स्पष्ट केले आहे. तेवढ्याच पैशात कित्येक वर्षांची नियमित थेरपी झाली असती. पालकांना मूर्ख ठरवून हे थांबणार नाही. जवळ, परवडणारी आणि सातत्याने मिळणारी सेवा हाच त्यावरचा उतारा आहे.

पालकांच्या हातात काय आहे

व्यवस्था सुधारेपर्यंत मूल थांबत नाही. म्हणून आज जे मिळू शकते, ते मागायला हवे.

शंका आली की वाट पाहू नये. दीड वर्षाचे मूल नावाने हाक मारल्यावर वळत नसेल, बोट दाखवत नसेल, दोन वर्षांचे दोन शब्द जोडत नसेल, दुसरीतले मूल साधी अक्षरे विसरत असेल, तर अंगणवाडी सेविका, आशा किंवा तपासणी पथकाला सांगून जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्राची चिठ्ठी घ्यावी. शाळेत एनसीईआरटीच्या 'प्रशस्त' या मोबाइल ॲपवर वर्गशिक्षकाला प्राथमिक चाळणी करता येते. ते निदान नव्हे, पण पुढे पाठवायला पुरेसे असते.

प्रमाणपत्राची आणि यूडीआयडी कार्डाची नोंदणी ऑनलाइन करून ठेवावी. बहुतेक योजनांचे दार त्यानेच उघडते. पात्र मुलांसाठी निरामय विम्याचा अर्ज करावा. त्यात एक लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण असून थेरपीचाही ठरावीक मर्यादेत समावेश आहे. आयकर भरणाऱ्या पालकांना जुन्या करप्रणालीत अवलंबून असलेल्या दिव्यांग पाल्यासाठी ७५ हजार रुपयांची, तर तीव्र दिव्यांगत्व असल्यास सव्वा लाखाची वजावट मिळते.

यापेक्षा महत्त्वाची, पण फारशी वापरली न जाणारी दोन साधने गावातच आहेत. पहिले, शाळा व्यवस्थापन समिती. कायद्यानुसार तिचे किमान तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात आणि वंचित गटातील मुलांच्या पालकांना प्रमाणात स्थान द्यावे लागते. ही समिती शाळा विकास आराखडा करते आणि त्याच्या आधारे अनुदान मागितले जाते. त्या आराखड्यात 'विशेष शिक्षकाची आठवड्यातून किमान दोन दिवस भेट', 'रॅम्प', 'वाचनसाहित्य' अशी नेमकी मागणी लेखी येऊ शकते. दुसरे, स्थानिक स्वराज्य संस्थांनी दिव्यांगांसाठी राखून ठेवायचा पाच टक्के निधी. अनेक गावांत तो वर्षअखेरीस वस्तूवाटपात संपवला जातो. चार-पाच गावांनी मिळून तोच पैसा एका थेरपिस्टच्या साप्ताहिक भेटीसाठी वापरता येईल का, हा प्रश्न ग्रामसभेत विचारायला हवा.

घरचा वाटाही मोठा आहे. रोज वीस मिनिटे, ठरल्या वेळी, न ओरडता. अध्ययन अक्षम मुलाला वाळूत किंवा पिठात बोटाने अक्षर गिरवायला लावून त्याचा आवाज म्हणायला लावणे, एका वेळी दोनच सारखी दिसणारी अक्षरे घेणे, धडा आधी वाचून दाखवणे. स्वमग्न मुलाला दिवसाचा क्रम चित्रांतून दाखवणे. हे शिकवायला तज्ज्ञ लागतो, पण एकदा शिकले की करायला आई, बाबा, आजी पुरतात. मात्र हे काम आईवर ढकलून व्यवस्थेने हात झटकू नयेत. मुलासाठी नोकरी किंवा मजुरी सोडलेल्या बायकांचा हिशेब कोणत्याही अंदाजपत्रकात दिसत नाही. तोही या शिक्षणाचाच खर्च आहे.

आरोग्य विभागालाही बदलावे लागेल. प्रमाणपत्र देऊन फाइल बंद करण्याऐवजी, निदानाबरोबरच शाळेच्या नावाने एक पान लिहिता येईल: मुलाला काय जमते, काय जमत नाही, आठवड्याला किती तास कोणती मदत हवी. त्याची एक प्रत गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे गेली, तर दोन विभागांमधला पूल आईच्या पिशवीतून जाणार नाही. यासाठी नवा कायदा लागत नाही. एक नमुना अर्ज आणि दर महिन्याची एक संयुक्त बैठक पुरे.

त्या बुधवारी दुपारी आई आणि मुलगा रुग्णालयाबाहेर एसटीची वाट पाहत उभे होते. आईने प्रमाणपत्र प्लास्टिकच्या पिशवीत घालून नीट गुंडाळले. मुलाने येणाऱ्या गाडीची पाटी पाहिली आणि वाचायचा प्रयत्न न करताच सांगितले, "आपलीच आहे. आवाजावरून कळलं." दुसऱ्या दिवशी शाळेत त्या शिक्षिकेने कागद वाचला आणि पंचायत समितीच्या गटसाधन केंद्राला फोन लावला. विशेष शिक्षकाची पाळी पुढच्या पंधरवड्यात होती. तोवर तिने मधल्या सुट्टीनंतरची वीस मिनिटे त्या मुलासाठी राखून ठेवली. फळ्याच्या कोपऱ्यात तिने दोनच अक्षरे मोठी लिहिली, ध आणि घ.